काढता पाय : कृष्णधवल भटकंतीचे गृहकृत्यशास्त्र

घरकामे तीन प्रकारची असतात. न टळणारी, टाळता येणारी आणि टाळलेली. स्वयंपाक पहिल्या प्रकारात मोडतो, इस्त्री दुसऱ्यात आणि माळा तिसऱ्यात. पहिल्या प्रकारचे काम करताना दुसऱ्याची आठवण येते, दुसऱ्याचे करताना तिसऱ्याची, आणि तिसरे समोर येऊन उभे राहिले की माणसाला एकाएकी कलेची ओढ लागते. प्रस्तुत टिपणाचा विषय ही ओढ आहे. शास्त्रकारांनी आजवर तिच्याकडे लक्ष दिले नाही, कारण शास्त्रकारांच्या घरचा माळा दुसरेच कोणीतरी आवरत असे.

सुरुवात भाषेपासून करू. घरात काय चालले आहे हे भाषेला बरोबर माहीत असते. हिंदीवाले फोटो खेचतात, गुजराती पाडतात, इंग्रज सरळ घेतात (त्यांच्या एकूण इतिहासाशी हे जुळतेच). मराठी माणूस फोटो काढतो. आता, काढणे म्हणजे काय? आपण केर काढतो, जळमटे काढतो, तांदळातले खडे काढतो, दारात रांगोळी काढतो, पाहुण्यांसाठी कपाटातल्या चांगल्या कपबश्या काढतो, त्यातली एक फुटली की एकमेकांची उणीदुणी काढतो, आणि हे सगळे करत त्याच घरात दिवस काढतो. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची. पॅरिसमध्ये दागेरच्या छायाचित्रणाच्या शोधाची घोषणा झाली १८३९ साली. म्हणजे कॅमेरा जगाला ठाऊक होण्याच्या आठ वर्षे आधीपासून हे क्रियापद केरसुणी हातात धरून त्याची वाट पाहत उभे होते.

यावर आमच्या घरातला पूर्वपक्ष असा : ‘फोटो काढणे’ हा प्रयोग ‘चित्र काढणे’वरून आला, त्याचा केराशी काही संबंध नाही. पूर्वपक्ष मांडणारे आमचे यजमान आहेत. ज्याने केर काढलेला नाही त्याची साक्ष या प्रकरणी ग्राह्य धरता येत नाही, एवढे म्हणून पुढे जाता आले असते. पण न्यायाला धरून उत्तर देऊ. काढणे म्हणजे पसाऱ्यातून काहीतरी वेगळे करणे. केर काढताना नको ते उचलायचे आणि हवे ते मागे ठेवायचे. फोटो काढताना हवे ते उचलायचे आणि नको ते मागे ठेवायचे. क्रिया तीच, सुपलीचे तोंड तेवढे फिरले. चांगला केर काढणारी व्यक्ती कोपरे सोडत नाही. चांगला फोटो काढणाराही कोपरे आधी पाहतो. वाईट फोटोत कोपऱ्यात कोणाचे तरी अर्धे डोके राहिलेले असते, आणि आमच्या यजमानांनी आयुष्यात एकदाच काढलेल्या केरात नेमके कोपरेच राहिले होते.

याच धातूपासून ‘वेळ काढणे’ झाले आणि त्याची प्रगत अवस्था म्हणजे ‘काढता पाय घेणे’.

इतिहासही आमच्या बाजूने आहे. विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट या इंग्रज गृहस्थाने १८४४ साली ‘द ओपन डोअर’ नावाचे छायाचित्र काढले. लॅकॉक ॲबी या त्याच्या राहत्या जागेतले एक उघडे दार आणि दाराशी तिरका टेकवलेला खराटा. कलासमीक्षक त्यात छायाप्रकाश पाहतात, डच चित्रकारांची आठवण काढतात. गृहकृत्यशास्त्राला त्यात एकच गोष्ट दिसते : खराटा आहे, झाडणारे कोणी नाही. झाडणारे गेले कुठे? फोटो काढायला. फोटो निघाला आहे, यापरता पुरावा काय हवा? टॅल्बटची पत्नी कॉन्स्टन्स घरभर मांडलेल्या त्याच्या लहान लाकडी कॅमेऱ्यांना ‘उंदराचे सापळे’ म्हणत असे. छायाचित्रणावर पुढे पुष्कळ लिहिले गेले. पण इतक्या कमी शब्दांत आणि इतक्या जवळून पाहून कोणी लिहिलेले नाही.

त्याआधी, १८३८ च्या सुमारास, दागेरने पॅरिसच्या बुलेव्हार द्यू तांप्ल या हमरस्त्याचा फोटो काढला होता. प्लेट काही मिनिटे उघडी ठेवावी लागे. त्यामुळे रस्त्यावरच्या धावत्या गाड्या, लगबगीने कामाला निघालेली माणसे, यांतले कोणी उमटलेच नाही. रस्ता ओस पडल्यासारखा दिसतो. उमटला तो एकच, कडेला उभे राहून बूट पॉलिश करून घेणारा. छायाचित्रात सापडलेला पहिला माणूस म्हणून त्याची नोंद होते. त्याच्या पायाशी बसलेला पॉलिशवाला मात्र पुसट आहे. त्याचे हात चालू होते ना. यातून निघणारा सिद्धान्त उघड आहे. काम करणारा फोटोत येत नाही, काम दुसऱ्यावर सोपवून उभा राहिलेला येतो. आमच्या सासरच्या सगळ्या समारंभांच्या फोटोंत पुरुष ठळक आणि बायका कडेला हललेल्या का, याचाही उलगडा येथेच होतो.

आपल्याकडचे दाखलेही कमी नाहीत. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी चित्रित केली. घरात जो वाटाणा सोलायचा असतो तो उगवताना पाहत बसायचे, हा त्यातला गाभा. आणि छायाचित्रकार होमाई व्यारावालांनी आपल्या गाडीच्या डीएलडी १३ या क्रमांकावरून ‘डालडा १३’ असे टोपणनाव घेतले, तेव्हा कॅमेरा आणि कढई यांचे नाते त्यांनी एका तुपाच्या डब्यात कायमचे बंद करून टाकले.

आता प्रयोगाकडे वळू. स्थळ : पुणे, सदाशिव पेठ. काळ : दिवाळीच्या अलीकडचा शनिवार. यजमान सकाळी आठ वाजता माळा आवरायला स्टुलावर चढले होते. साडेनऊच्या सुमारास वरून येणारे आवाज बंद झाले. जुने दिवाळी अंक सापडले होते. (हीसुद्धा याच शास्त्राची एक शाखा आहे, पण ती बैठी असल्यामुळे येथे तिचा विचार केलेला नाही.) प्रस्तुत लेखिकेकडे चकलीची भाजणी दळून आणण्याचे काम होते. तांदूळ, हरभराडाळ, उडीदडाळ, मूगडाळ, धने, जिरे, सगळे आदल्या दिवशी भाजून डब्यात तयार होते. डब्याशेजारी पिशवीत आणखी एक गोष्ट गेली : सासऱ्यांचा आगफा क्लिक थ्री. मागच्या दिवाळीत माळ्याचा जेवढा भाग आवरून झाला त्यात तो निघाला होता आणि तेव्हाच आवरणे थांबले होते. हा काळा प्लॅस्टिकचा डबा आहे, त्याला १२० चा रोल लागतो, आणि एका रोलवर बारा चौकोनी फोटो येतात. बाराच. डझनाचा हिशोब असल्यामुळे उधळपट्टी होत नाही.

सासूबाई दारात उभ्या होत्या, हातात केरसुणी.

“गिरणीत कॅमेरा कशाला?”

“आई, तुमचाच पहिला काढते. हलू नका.”

त्या हलल्या नाहीत. केरसुणीही खाली ठेवली नाही. “काढ. पण भाजणी घेऊनच ये,” एवढे म्हणाल्या. टॅल्बटच्या चित्रात जी व्यक्ती राहून गेली होती ती अशा रीतीने पावणेदोनशे वर्षांनी जागेवर आली.

दळण टाकणे आणि पीठ आणणे यांच्यामधला काळ कोणाच्याच हिशोबात नसतो. घरचे समजतात तुम्ही गिरणीत आहात, गिरणीवाला समजतो तुम्ही घरी गेलात. या अवकाशात माणूस कोणाचाही कोणी लागत नाही. दळणवळण या शब्दाची खरी फोड येथे होते : दळण टाकायचे आणि वळायचे. घरकामातून सुटी मागून घ्यायची नसते. मागितली की ती मोजली जाते. ती दोन कामांच्या फटीत सापडते. गव्हाच्या दळणाला फट लहान. दिवाळीआधीच्या भाजणीला ती चांगली तासादीडतासाची होते, कारण भिंतीपाशी डब्यांची रांग लागलेली असते, प्रत्येकावर ऑइलपेंटने आडनाव, आणि कोणाच्या मागून काय घालायचे याचा एक काटेकोर क्रम असतो. भाजणी ज्वारीच्या मागून गेली तर ज्वारीची चव लागते, असे मानणाऱ्या बायका गिरणीत उभ्या राहून पहारा करतात. जी भाजणी टाकून निघून जाते तिच्याविषयी पेठेत काय बोलले जाते ते प्रस्तुत लेखिकेला माहीत आहे. तिनेही ते इतरांविषयी बोललेले आहे.

गिरणी म्हणजे कृष्णधवल फोटोसाठीच घडवलेली जागा. आत अंधार, वर एकच झरोका, पट्ट्याची काळी फिरती रेघ, आणि भुवयांपासून चपलांपर्यंत पांढरा झालेला मालक. त्याला रंगीत फिल्मवर काढणे म्हणजे फिल्म वाया घालवणे. दुसरा फोटो त्याचा. “तासाभरानं या,” तो म्हणाला आणि पुढचे शब्द पट्ट्याच्या आवाजात गेले. ते महत्त्वाचे होते, हे नंतर कळले.

आता मुख्य प्रश्न. भटकायचेच आहे तर कृष्णधवलच का? याची प्रचलित उत्तरे (अभिजातता, गूढता, कालातीतता) आम्ही नाकारतो. खरे कारण असे की रंग ही कामाची हाक असते. कांदा गुलाबी झाला, बघा. तूप तांबूस झाले, उतरवा. टोमॅटो पिकले, संपवा. नव्या लाल साडीबरोबर पांढरा सदरा भिजवला, संपले. घरातली बाई दिवसभर रंगांच्या हुकमावर चालते. रंग काढून घेतले की जग आज्ञा द्यायचे थांबते. पिवळा रंग कृष्णधवल फिल्मवर पांढऱ्याच्या इतका जवळ जातो की टेबलक्लॉथवरचा हळदीचा डाग फोटोत दिसेनासा होतो. जो डाग सोड्याने गेला नाही, उन्हाने गेला नाही, तो सेकंदाच्या लहानशा अंशात गेला. विश्रांती म्हणतात ती ही.

अर्थात करडा रंग उरतोच. ‘कृष्णधवल’ हा शब्दच अर्धवट आहे. फोटोतला बहुतेक ऐवज मधला असतो आणि नाव दोन टोकांना मिळते. या मधल्याची मोजदाद अमेरिकेच्या ॲन्सेल ॲडम्स यांनी फ्रेड आर्चर यांच्याबरोबर १९४० च्या आसपास केली. शून्यापासून दहापर्यंत अकरा पायऱ्या : शून्य म्हणजे निव्वळ काळे, दहा म्हणजे निव्वळ पांढरे. ॲडम्स यांना योसेमिटीचे कडे आणि बर्फ हाताशी होते. आमच्या हाताशी ओटा आहे. शून्यावर तव्याची खालची बाजू. तीनवर चंद्रकळा, म्हणजे काळी खरी, पण सुरकुती दिसली पाहिजे. सातवर धुऊन वाळलेला, जरा खरखरीत झालेला पंचा. नऊवर तांदळाची पिठी. आणि अगदी मध्ये, पाचवर, पडलेल्या प्रकाशापैकी १८ टक्के परत पाठवणारा तो प्रसिद्ध करडा, ज्याचे कार्ड छायाचित्रकार विकत घेतात. ते घेऊ नये. प्रत्येक घरात फरशी पुसायचे एक फडके असते आणि सहा महिन्यांच्या सेवेनंतर ते आपोआप त्या छटेला येऊन ठेपते. नवे होते तेव्हा ते कोणाचा बनियन होते, हा वेगळा विषय.

फिल्मलाही पूर्वी सगळे दिसत नसे. जुन्या फिल्मा निळ्या प्रकाशाला जाग्या आणि लाल प्रकाशाला आंधळ्या होत्या; म्हणून तर डार्करूममध्ये लाल दिवा चालतो. आमच्या आजेसासूबाईंच्या फोटोत कपाळावरचे कुंकू काळेभोर आहे. घरातल्या मुलांची वर्षानुवर्षे समजूत होती की पणजी बुक्का लावत असे आणि वारकरी होती. त्या कधी पंढरपूरला गेल्या नाहीत. एका रसायनाच्या दृष्टिदोषामुळे त्यांना मरणोत्तर पुण्य लागले.

गिरणीतून निघून लेखिका मंडईकडे गेली. महात्मा फुले मंडईची मूळची इमारत १८८६ ची, लॉर्ड रे यांच्या नावाची. अष्टकोनी, मधोमध मनोरा, आत उंचावरून उतरणारा उजेड. येथे एक नियम हाती लागला : जी भाजी विकत घ्यावीशी वाटते तिचा फोटो येत नाही. टोमॅटो आणि मेथी शेजारीशेजारी ठेवले तर दोन्ही एकाच करड्याचे होतात. झेंडूचे ढीग फिकट राखेसारखे. पण ज्याच्याकडे घरी कोणी वळून पाहत नाही तो सुरण, ती दोडक्याच्या शिरांची रांग, ते कारले! कारल्याला आयुष्यात प्रथमच कोणीतरी आपण होऊन निवडले. भाजीवाल्या मावशी तिसऱ्या फोटोपर्यंत गप्प होत्या. मग म्हणाल्या, “फोटो झाले असतील तर पाव किलो तोलू का?” कारले तोलून घ्यावे लागले. घरी ते कोणी खात नाही.

विश्रामबागवाड्यापाशी मात्र निराशा झाली. दुसऱ्या बाजीरावाने १८०७ मध्ये बांधलेला, सागवानी नक्षीचा, आणि नावातच विश्राम असलेला; आमच्या शास्त्राचे हे पीठ व्हायला हवे होते. पण समोर गळ्यात मोठाले कॅमेरे घातलेले आठ-दहा तरुण एका आजोबांभोवती उकिडवे बसले होते. येथे मत नोंदवणे भाग आहे. कृष्णधवल फोटोत कोणताही म्हातारा तत्त्वज्ञ दिसतो, कोणतेही कुलूप काळाचे प्रतीक होते, आणि पडका वाडा, सायकल व मांजर एका चौकटीत आले की प्रदर्शन भरते. हा आळस आहे. सुरकुत्या फोटोग्राफरने पाडलेल्या नसतात. ते आजोबा बसची वाट पाहत होते आणि या मंडळींमुळे त्यांना बस दिसत नव्हती.

तिथून कसब्यात, तांबट आळीला. जाण्याचे काही कारण नव्हते. ठोक्यांचा आवाज लांबून येतो आणि पाय वळतात. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीने एकेक ठोका, ठोक्याशेजारी ठोका, असे करत हंड्याचे सगळे अंग भरत नेतात. तांब्याचा रंग फिल्मवर जातो आणि हंडा ॲल्युमिनियमचा असल्यासारखा दिसतो, हा अन्याय आहे. पण ठोके उरतात, आणि प्रत्येक ठोक्याच्या खळग्यात खिडकी एकदा दिसते. एका हंड्यात शेकडो खिडक्या. शेजारी एक जण पातेल्याला कल्हई करत होता. पातेले भट्टीवर तापले, नवसागराची चिमूट पडली, पांढरा धूर उठला, कथील फिरले आणि काळवंडलेला तळ डोळ्यांदेखत चांदीचा झाला. बाराव्या फोटोचा मोह झाला, पण तो राखून ठेवला. तिथे अर्धा तास गेला की पाऊण, हे सांगता येणार नाही. आपल्या घरचे भांडे नसले की भांडी घासणे किती रम्य असते, हे मात्र तेथे नोंदवून घेतले.

गिरणीपाशी परत आले तेव्हा एक वाजून वीस मिनिटे झाली होती. पट्ट्याच्या आवाजात बुडालेले ते शब्द आता शटरवर रंगवलेले वाचता आले : १ ते ५ बंद.

कॅमेऱ्याचे शटर आणि गिरणीचे शटर यांना मराठीत एकच शब्द आहे, ही शास्त्रकारांना मिळालेली भेटच. पहिले क्षणभर उघडते आणि एरवी बंद असते. दुसरेही, दिवाळीच्या आठवड्यात, जवळजवळ तसेच. आत आमची भाजणी होती. बारावा फोटो त्या शटरचा काढला. उभ्या पत्र्यावर आडव्या रेघा, खाली पिठाचा पांढरा पट्टा, आणि कडेला झोपलेला कुत्रा. एक मेथीची जुडी आणि पाव किलो कारली घेऊन लेखिका घरी गेली. तेथे जे संभाषण झाले ते शास्त्राच्या कक्षेबाहेरचे आहे. पाच वाजता भाजणी यजमानांनी आणली. माळ्यावरून त्यांना खाली उतरवण्यात आलेले हे त्या दिवसाचे एकमेव यश.

येथवर वाचकाचा असा समज झाला असेल की लेखिका कामातून सुटली होती. तिचाही झाला होता. पण मराठी भाषा पुन्हा आडवी आली. रोल संपला की आपण तो काय करतो? धुवायला टाकतो. फोटो धुऊन आणतो. एक धुणे चुकवून बाहेर पडलेला माणूस दुसरे धुणे खिशात घालून परत येतो. गॅरी विनोग्रँड हा न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर फोटो काढत हिंडणारा थोर माणूस १९८४ मध्ये वारला, तेव्हा त्याचे सुमारे २,५०० रोल धुवायचे राहिले होते. शिकागोत लोकांची मुले सांभाळत आयुष्य काढलेल्या व्हिव्हियन मायरचे एक लाखाहून अधिक निगेटिव्ह २००७ नंतर लिलावातून बाहेर आले, त्यांतही न धुतलेल्या रोलांचा ढीग होता. कोणाच्याही बाथरूममधल्या बादलीपुढे हे आकडे ठेवून पाहावेत. मन हलके होते.

आमचे धुणे घरीच. १९९५ साली अमेरिकेत रॉचेस्टरच्या तंत्रशिक्षण संस्थेत प्राध्यापक स्कॉट विल्यम्स यांच्या विद्यार्थ्यांनी दाखवून दिले की फिल्म इन्स्टंट कॉफीत धुता येते. कॉफी, क जीवनसत्त्व आणि तिसरा घटक धुण्याचा सोडा, तोच, कपड्यांचा. कॉफीतली आम्ले चांदीच्या क्षारांतून चांदी सोडवतात, सोडा त्यांना जोर देतो. मग पाणी, मग हायपो, मग पुन्हा वाहत्या पाण्यात खळबळणे. वास असा येतो की कॉफी पिणाऱ्याने कॉफी सोडावी. नंतर ती ऐंशी सेंटिमीटरची ओली पट्टी कपड्यांच्या दोरीवर वर एक, खाली एक चिमटा लावून वाळत घालायची. ती वाळेपर्यंत धूळ उडता कामा नये, नाहीतर कण चिकटून कायमचे बसतात. म्हणून रविवारी सकाळी लेखिकेने जाहीर केले की दोन तास घरात कोणीही केर काढणार नाही. हे कारण शास्त्रशुद्ध होते. तरी ते सांगताना तिला आपल्या आवाजात काहीतरी खटकले.

सासूबाई केरसुणी घेऊनच आल्या. दोरीपाशी थांबल्या, चष्मा वर केला आणि पट्टी खिडकीच्या उजेडात धरून पहिली चौकट पाहिली. निगेटिव्हमध्ये सगळे उलटे असते. त्यांची पांढरी साडी काळी झाली होती, काळे दार पांढरे, केरसुणी चांदीच्या जुडीसारखी. पुष्कळ वेळ त्या काही बोलल्या नाहीत.

“तोंड काळं आलंय,” शेवटी म्हणाल्या.

“आई, ते उलटं असतं. अजून कागदावर काढला की…”

“नको,” त्या म्हणाल्या. “केस बघ कसे काळे आलेत. हा आणखी धुऊ नकोस.”